नागपुरातल्या अपार्टमेंट आणि जुन्या घरांची भूकंप-तपासणी: सुरुवात कुठून, खर्च कशावर?

नऊइंची
४ डिसेंबर २०२४ ला तेलंगणातल्या मुलुगूचा ५.३ चा धक्का नागपुरापर्यंत जाणवला. तेव्हापासून सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ हा शब्द वाढलाय. पण त्या नावाखाली जो कागद हाती पडतो तो बहुतेक वेळा गळती, सुटलेलं प्लास्टर आणि गंजलेल्या सळया यांची फोटोसकट यादी असतो. ती यादी हवीच. पण इमारत आडवा धक्का कशी झेलेल, हे तिच्यातून कळत नाही. नुकतीच रंगवलेली, एकही भेग नसलेली बिल्डिंग भूकंपाला सगळ्यात कच्ची असू शकते, कारण दोष तिच्या मांडणीतच असतो.

हा धागा फक्त त्या भागापुरता ठेवू. मनीषनगर, बेसा, त्रिमूर्तीनगरकडच्या पार्किंगवर चार मजले असलेल्या इमारती, गुंठेवारीतली दोन-तीन मजली घरं आणि महाल-इतवारीतले वाडे, हे तीन प्रकार समोर ठेवून लिहा.

संत्रा_मार्केट
नागपूर झोन २ मध्ये येतं ना राजेहो? सगळ्यात कमी धोक्याचा. मग सोसायटीचे पैसे यात कशाला घालायचे?

रिंग१३५
झोन जमिनीचा असतो. तुमच्या बिल्डिंगचा नसतो.

१९९३ मध्ये किल्लारी त्या वेळच्या नकाशात झोन १ मध्ये होतं, म्हणजे आजच्या झोन २ च्याही खाली. ३० सप्टेंबरला तिथे ६.२ चा भूकंप झाला. पुढे २००२ च्या सुधारणेत झोन १ हा प्रकारच बंद झाला आणि किल्लारीचा भाग झोन ३ मध्ये गेला. २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप नर्मदा-सोन पट्ट्यातला, आणि तो पट्टा आपल्या उत्तरेलाच आहे. २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत पार्किंगवरच्या इमारती बसल्या, आणि त्यातल्या बऱ्याच नव्या होत्या.

भूकंपाच्या भारतीय मानकात, आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत, झोन २ साठी झेड (झोनमधल्या धक्क्याच्या जोराचा गुणक) ०.१० आहे, झोन ३ साठी ०.१६. कमी आहे, शून्य नाही. तो आकडा गृहीत धरून नीट बांधलेल्या इमारतीला झोन २ मध्ये फारसं भ्यायचं कारण नाही, हेही खरं. प्रश्न एवढाच आहे की १९९५ किंवा २००५ साली तुमच्या बिल्डिंगसाठी तो आकडा कुणी धरला होता का. तीन-चार मजल्यांना फक्त उभा भार काढून कॉलम ठरवण्याची पद्धत सर्रास होती.

कोअरकटर
क्रम सांगतो, कारण निम्मे पैसे उलट्या क्रमाने वाया जातात. यंत्र सगळ्यात शेवटी.

आधी कागद. महापालिका किंवा नासुप्रकडून (नागपूर सुधार प्रन्यास) मंजूर झालेला नकाशा, आणि त्याहून महत्त्वाचे आरसीसी ड्रॉइंग. मंजूर नकाशात खोल्या दिसतात, सळया दिसत नाहीत. आरसीसी ड्रॉइंग बिल्डरकडे नसलं तर त्या वेळच्या आरसीसी कन्सल्टंटकडे मिळू शकतं. कन्सल्टंटचं नाव मंजुरीच्या फाइलमध्ये असतं. हा शोध फुकटचा वाटतो, पण आरसीसी इमारतींच्या तपासणीसाठी असलेल्या आयएस १५९८८:२०१३ मध्ये माहितीच्या खात्रीनुसार ताकद कमी धरायचा गुणक आहे. कागद पूर्ण असतील तर १, जवळजवळ काहीच माहिती नसेल तर तो ०.५ पर्यंत खाली येतो. म्हणजे कागद-माहिती नाही म्हणून निम्म्यापर्यंत ताकद हिशेबातून जाऊ शकते. एखादा कॉलम वाचेल की जॅकेट (भोवती नव्या काँक्रीट-सळयांचं आवरण) लागेल, हे कधी कधी तेवढ्यावरच ठरतं.

मग डोळ्यांची पाहणी. तिच्यातून निकाल निघतो तो फक्त ‘पुढे जावं लागेल’ किंवा ‘तूर्त नको’ एवढाच. त्यानंतर हातावरचा ढोबळ हिशेब. तो नापास झाला तर चाचण्या आणि संगणकावरचं पूर्ण विश्लेषण. विटांच्या घरांसाठी वेगळं मानक आहे, आयएस १३९३५:२००९. त्यात पाहणीचे तक्ते आहेत आणि संभाव्य नुकसानीच्या जी१ ते जी५ अशा पाच पायऱ्या.

एक सूचना. अमेरिकेतल्या फेमा-१५४ चा, म्हणजे इमारतींच्या झटपट पाहणीचा, फॉर्म भरून ‘आमचे गुण २ च्या वर आले, पास’ असं सांगणारे अहवाल फिरतात. ते मूळ गुण तिकडच्या बांधकामावरून काढलेत. फॉर्मची मांडणी घ्या, गुण घेऊ नका.

वऱ्हाडी_आरसीसी
पाहणीत काय बघायचं ते लिहितो. पार्किंगमध्ये उभे राहा आणि वर न बघता आधी कॉलम मोजा.

सगळे कॉलम २३० मिमी जाडीचे आणि सगळ्यांची लांब बाजू एकाच दिशेला असेल तर दुसऱ्या दिशेला इमारत लेचीपेची आहे. भिंतीत कॉलम लपावा म्हणून आर्किटेक्ट असं करतात. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती आहेत, खाली नाहीत. त्यामुळे वरचे चार मजले एखाद्या पेटीसारखे एकत्र हलतात आणि सगळं वाकणं पार्किंगच्या कॉलमांवर येतं. २००२ च्या आयएस १८९३ मध्ये अशा मजल्याचे कॉलम-बीम अडीचपट बलासाठी डिझाइन करा असं स्पष्ट होतं. ड्रॉइंगमध्ये खालचे आणि वरचे कॉलम एकाच मापाचे, एकाच सळयांचे दिसले तर ती अट कुणी पाळली नाही असं समजा.

मग कोपरे. वॉचमनची खोली, मीटर रूम, पंपाची खोली हे सगळं एकाच कोपऱ्यात विटांनी बांधलेलं असतं. तेवढा कोपरा ताठ आणि बाकी पार्किंग मोकळं, म्हणजे धक्क्यात इमारत त्या कोपऱ्याभोवती पिळवटते आणि समोरच्या टोकाचे कॉलम सगळ्यात जास्त सरकतात. लिफ्टची आरसीसी भिंत एका टोकाला असेल तर तेच.

पुढे बाल्कनी आत घेऊन तिच्या टोकावर वरून उभा केलेला कॉलम, जो खाली जमिनीपर्यंत येतच नाही. हा प्रकार एफएसआयच्या मोहापायी फार झालाय. जिन्याच्या मधल्या टप्प्याचा बीम कॉलमला अर्ध्या उंचीवर धरतो, तिथे कॉलम आखूड होतो आणि ताठ असल्याने बल स्वतःकडे ओढतो. पार्किंगच्या कडेला अर्ध्या उंचीपर्यंत भिंत आणि वर जाळी असेल तरी कॉलम तसाच आखूड पडतो. अशा कॉलममध्ये तिरकी, एक्ससारखी भेग पडून तो फुटतो.

आणि शेजारची बिल्डिंग. भूकंपरोधक बांधकामाचं मानक आयएस ४३२६ दोन इमारतींमध्ये किमान २५ मिमी फट मागतं, उंच इमारतींना त्याहून पुष्कळ जास्त. सीताबर्डी-गांधीबागेत दोन भिंतींमध्ये सिमेंटचा गोळाही जात नाही. दोघांचे स्लॅब एकाच पातळीत असतील तर धोका कमी. एकाचा स्लॅब दुसऱ्याच्या कॉलमच्या मध्यावर आपटणार असेल तर ती नोंद लाल शाईने करा.

सोसायटी_मनीषनगर
ढोबळ हिशेब म्हणजे नेमकं काय? पार्किंग + ४, बांधकाम १९९९. प्रत्येक मजला साधारण २०० चौरस मीटर, १६ कॉलम, सगळे २३० × ४५०. चार चार कॉलमांच्या चार रांगा. ड्रॉइंगवर काँक्रीट एम-२० (ताकद २० न्यूटन प्रति चौमिमी) लिहिलंय.

रिंग१३५
घ्या, कागदावरच करू.

वजन: पार्किंगवरचा स्लॅब धरून पाच स्लॅब. भिंती, फ्लोअरिंग, बीम-कॉलम आणि चल भाराचा पाव हिस्सा धरून प्रत्येक चौरस मीटरला १२ किलोन्यूटन. ५ × २०० × १२ = १२,००० किलोन्यूटन.

आडवं बल: झेड भागिले दोन म्हणजे ०.०५. महत्त्व गुणक १. आर म्हणजे फ्रेम न तुटता किती वाकू शकते यावरून बलाला भागायचा आकडा; रिंगांची (उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या कड्यांची) खास जुळणी नसलेल्या साध्या फ्रेमचा आर ३. उंची १५ मीटर आणि त्या दिशेची लांबी १२ मीटर धरली तर दोलनकाळ (इमारतीच्या एका झोक्याचा वेळ) ०.०९ × १५ ÷ √१२ = ०.३९ सेकंद, म्हणून मानकातल्या आलेखावरून (वर्णपट) मिळणारा गुणक २.५. सगळं गुणून ०.०४१७. १२,००० च्या ४.१७ टक्के म्हणजे ५०० किलोन्यूटन. पन्नास टनांनी कुणी बिल्डिंग आडवी ढकलतंय असं धरा.

कॉलमचं क्षेत्र: १६ × ०.२३ × ०.४५ = १.६५६ चौरस मीटर. ५०० ला त्याने भागलं की ०.३० न्यूटन प्रति चौमिमी. यावर आयएस १५९८८ चा गुणक: एकूण कॉलम भागिले (कॉलम वजा फ्रेम), फ्रेम म्हणजे त्या दिशेच्या कॉलम-रांगा, इथे चार; म्हणजे १६ ÷ १२ = १.३३. उत्तर ०.४०.

मर्यादा: ०.४ किंवा ०.१ × √(काँक्रीटची ताकद), यातलं जे लहान ते. एम-२० ला दुसरा आकडा ०.४४७ येतो, म्हणून मर्यादा ०.४. तुमची इमारत काठावर आहे. काँक्रीट प्रत्यक्षात १५ चं निघालं तर मर्यादा ०.३८७ होते आणि ती नापास. यात पार्किंग मोकळं असल्याचा अडीचपटीचा प्रश्न अजून धरलेलाच नाही.

म्हणजे तुम्हाला चाचण्या लागतील. पार्किंगमध्ये ३०० × ६०० चे दहा-बारा कॉलम असलेल्या शेजारच्या सोसायटीला कदाचित लागणार नाहीत. एवढं सांगण्यापुरताच हा हिशेब आहे.

नऊइंची
१२ किलोन्यूटन हा आकडा डोळे मिटून घेऊ नका. आतल्या भिंती साडेचार इंची की नऊ इंची, यावर तो बराच हलतो. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा आणि त्यावर पुन्हा कुणी वॉटरप्रूफिंगचा दुसरा थर टाकला असेल तर तेही वजन धरा. जुन्या गच्च्यांवर थरावर थर चढलेले असतात. भूकंपाचं बल वजनाच्या प्रमाणात येतं आणि गच्चीवरचं वजन सगळ्यात वाईट जागी असतं.

कोअरकटर
चाचण्या. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात.

रिबाउंड हॅमर (आपटून किती उसळतो त्यावरून काँक्रीटचा कडकपणा सांगणारा) प्लास्टरवर मारायचा नाही. प्लास्टर काढून, कार्बोरंडम दगडाने घासून, मगच. जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कडक होतो आणि हॅमर खोटा मोठा आकडा दाखवतो. तसंही त्याच्यावरून काढलेल्या ताकदीत पंचवीस टक्के इकडेतिकडे धरावंच लागतं. त्याचा उपयोग एवढाच की सोळा कॉलमांत कुठला कॉलम बाकीच्यांपेक्षा हलका आहे ते कळतं.

अल्ट्रासॉनिक चाचणीत, म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगाने जाते ते मोजताना, समोरासमोरच्या बाजूंना प्रोब लावा. वेग सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर असेल तर ठीक, ३ च्या खाली असेल तर आत पोकळी असल्याचा संशय. कॉलममध्ये दोन जागा मुद्दाम घ्या. एक, तळाचा स्टार्टर, जिथे पहिल्या चार इंचांत खडी वेगळी आणि सिमेंटचं पाणी वेगळं झालेलं असतं. दुसरी, बीमच्या खालचा शेवटचा वीतभर भाग. कॉलम बीमच्या तळापर्यंत न भरता थोडा खाली सोडतात आणि तो उरलेला तुकडा स्लॅबच्या दिवशी घाईत भरतात. धक्क्यात कॉलमची दोन्ही टोकं सगळ्यात जास्त वाकतात, आणि काँक्रीट नेमकं तिथेच कच्चं.

कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेला गोल नमुना) किमान तीन. व्यास खडीच्या मापाच्या तिपटीपेक्षा कमी नको, म्हणजे २० मिमी खडीला ६० च्या वर. १०० मिमी मिळाला तर उत्तम. पण २३० च्या कॉलममध्ये १०० मिमीचा कोअर म्हणजे जवळजवळ निम्मी जाडी. आधी लोकेटरने सळई आणि रिंग शोधून खडूने आखा, मगच ड्रिल लावा. कॉलममध्ये जागाच नसेल तर त्याच दिवशीच्या काँक्रीटचा बीम निवडा, पण टेकूजवळ नको.

कार्बोनेशनसाठी, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड किती आत शिरलाय ते बघायला, फिनॉल्फ्थॅलीन. ताज्या तोडलेल्या भागावर फवारलं की निरोगी काँक्रीट गुलाबी होतं. रंग न येणारा थर सळईच्या कव्हरएवढा (सळईवरच्या काँक्रीटच्या जाडीएवढा) झाला असेल तर सळईचं गंजापासूनचं संरक्षण संपलं.

रिंग१३५
आणि एका कॉलमचं प्लास्टर, कव्हर तोडून रिंग उघडी करा. कुठलंही यंत्र हे सांगत नाही.

काय दिसतं ते सांगतो. ६ किंवा ८ मिमीची रिंग, साधारण २०० वर एक. टोकं ९० अंशांत वळवून एकमेकांवर ठेवलेली. कव्हर उडालं की ती टोकं उघडतात आणि रिंग सळईला धरतच नाही. भूकंपासाठीच्या सळया-रिंगांच्या जुळणीचं मानक आयएस १३९२० याला टोक १३५ अंशांत आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळलेलं हवं. कॉलमच्या दोन्ही टोकांना रिंगांचं अंतर १०० मिमीपेक्षा जास्त नको, आणि सळई १२ ची असेल तर तिच्या सहापट म्हणजे ७२. सगळ्या सळयांचे लॅप (एकमेकींशेजारी बांधलेले जोड) स्लॅबच्या लगेच वर, एकाच पातळीत. ते कॉलमच्या मधल्या निम्म्या उंचीत आणि एका ठिकाणी निम्म्याच सळयांचे हवेत. बीम-कॉलमच्या सांध्यात रिंगच नाही, कारण तिथे हात घालून बांधणं फिटरला जिवावर येतं.

झोन २ मध्ये ही सगळी जुळणी सक्तीची नव्हती, हे मान्य. म्हणून अशा इमारतीला आर ५ धरून ‘पास’ दाखवणारा अहवाल परत पाठवा.

महालकर
भेगांबद्दल एक. नागपुरात काळ्या मातीवरच्या घरांना उन्हाळ्यात भेगा रुंदावतात आणि पावसाळ्यात मिटतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी. ती माती फुगण्या-आकसण्याची भेग. पाया मुरुमापर्यंत नेला नाही, एवढाच तिचा अर्थ. तिच्यावर काचपट्टी (भेग हलली की तडकणारी) लावून एक पावसाळा आणि एक उन्हाळा बघा. कॉलमच्या टोकाला आडवी भेग, किंवा बीमच्या टोकाला ४५ अंशांत गेलेली भेग ही वेगळी गोष्ट, तिला वाट बघायची नाही.

वाड्यांचं. लाकडी खांब-तुळयांची चौकट असलेला जुना वाडा हलतो, पण सहसा एकदम कोसळत नाही, अट एवढीच की सांधे शाबूत हवेत. खांबाचा बुंधा जोत्यात गेलेला असतो, तिथे टोकदार लोखंडी सळईने टोचून बघा. वाळवीने आतून खाल्लेला असेल तर सळई लोण्यात जावी तशी जाते. दगडी भिंत असेल तर दोन्ही बाजूंचे दगड जोडणारे आरपार दगड आहेत का ते शोधा. अशा कमी ताकदीच्या भिंतींचं मानक आयएस १३८२८ याप्रमाणे उंचीत दर ६०० मिमीला आणि लांबीत १.२ मीटरच्या आत एक हवा. किल्लारीत हेच नव्हतं. जाड भिंतीचे दोन पदर वेगळे होऊन बाहेर पडले आणि वरच्या मातीच्या जड छताखाली माणसं गाडली गेली.

सगळ्यात वाईट म्हणजे भावांच्या वाटणीत अर्धा वाडा पाडून तिथे आरसीसी उभं केलेलं. उरलेल्या अर्ध्याची चौकट एका बाजूने कापलेली आणि तुळया नव्या भिंतीत नुसत्या टेकवलेल्या.

वऱ्हाडी_आरसीसी
गुंठेवारीतल्या घरांचं थोडक्यात: तळमजला नऊ इंची, वर चढवलेला मजला साडेचार इंचीवर. ती साडेचार इंची भिंत वरचा स्लॅब पेलते का, ते आधी बघा. मग दोन आडव्या भिंतींमधल्या खिडक्या-दारांच्या रुंदीची बेरीज करा. एक मजली घरात ती भिंतीच्या लांबीच्या ६० टक्क्यांपर्यंत, दोन मजलीत ५०, तीन मजलीत ४२. रस्त्याच्या बाजूला दुकानाचं शटर काढलेलं असेल तर हा हिशेब तिथेच संपतो. लिंटेलला सलग पट्टा आहे की फक्त दारावर तुकडा, हे कोपऱ्यात प्लास्टर खरवडून कळतं.

संत्रा_मार्केट
कूलरचं कुणी बोललं नाही अजून.

महालकर
बरोबर आहे भाऊ, नागपूरचा अहवाल त्याच्याशिवाय अपुरा. छज्जावर ठेवलेला किंवा लोखंडी स्टँडवर टांगलेला, पाण्याने भरलेला डेझर्ट कूलर वर्षातले चार महिने थेंब थेंब गळतो. छज्जाची सळई वरच्या बाजूला असते, आणि पाणीही तिथेच उतरतं. खालून रंग ठीक, वरून सळई गेलेली. छज्जाच्या मुळाशी हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का बघा. स्टँडचे बोल्ट विटेत ठोकलेले असतील तर ते आरसीसीत घ्या. गच्चीवरचे साडेचार इंची, आधार नसलेले कठडेही याच यादीत येतात, कारण मध्यम धक्क्यात इमारत शाबूत राहते आणि पडतात त्या याच गोष्टी. खर्च कमी असल्याने हे काम ऑडिटची वाट न बघता करावं.

सोसायटी_मनीषनगर
काँक्रीट कमी निघालं असं धरू. पार्किंगच्या काही गाळ्यांत भिंती बांधल्या तर चालेल का? स्वस्त पडेल.

रिंग१३५
चालेल, पण कुठेही नाही. दोन्ही दिशांना, बाहेरच्या ओळीत, समोरासमोर सारख्या. नऊ इंची, प्लिंथ बीमवर उभ्या, वरच्या बीमला घट्ट भिडलेल्या. मागच्या बाजूला दोन आणि पुढे एकही नाही असं केलंत तर इमारत पिळवटेल आणि आहे त्यापेक्षा वाईट होईल. मंजूर पार्किंग कमी होणार असेल तर आधी परवानगी.

दुसरा मार्ग कॉलम जॅकेटिंग. जाडी चारही बाजूंनी किमान १०० मिमी, म्हणजे २३० × ४५० चा कॉलम ४३० × ६५० होतो. गाड्या वळतील का, ते खडूने जमिनीवर आखून आधीच बघा. जॅकेटच्या सळया खाली फुटिंगमध्ये आणि वर स्लॅबमध्ये भोक पाडून पलीकडे गेल्या पाहिजेत. बरेच कंत्राटदार स्लॅबच्या खाली थांबतात. मग कॉलम जाड दिसतो, उभा भार थोडा जास्त घेतो, पण टोकाला वाकताना जुन्याच सळयांवर राहतो. तुमचा पैसा नेमक्या त्या टोकासाठी होता.

विटांच्या घराला याची गरज नाही. लिंटेलच्या वर आणि छताखाली, भिंतीच्या दोन्ही बाजूंना वेल्डेड जाळीचा सलग पट्टा, आरपार तारांनी जोडलेला, त्यावर १:३ सिमेंट-वाळूचा ३५-४० मिमी थर. कोपऱ्यात जाळी तोडायची नाही, वळवून न्यायची.

सोसायटी_मनीषनगर
शेवटचं विचारतो. कोअर काढल्यावर कॉलममध्ये जे भोक राहतं त्याचं काय? आमच्याकडे एकाने साधं सिमेंट थापलं होतं.

कोअरकटर
ते सुकलं की आकसतं आणि कडेने सुटतं. आतली धूळ हवेने काढा, भोक ओलं करून पाणी पुसा, आकुंचन न होणारा ग्राउट किंवा मायक्रोकाँक्रीट तळापासून वर भरत जा आणि आठवडाभर ओलं गोणपाट बांधा. सळई कापली गेली असेल तर भरण्याआधी सांगा, ती वेल्ड करायची की बाजूला नवी घालायची हे डिझायनर ठरवेल. हे काम चाचणीच्या कोटेशनमध्येच लिहून घ्या, नंतर कुणी परत येत नाही.